कोकणातलं बंद घर, ९० वर्षांची कौलं: ठेवू, पत्रा घालू की स्लॅब? कुठलं छप्पर खरंच किती वर्षं टिकतं?

पडवीतला_माणूस

नमस्कार मंडळी. कुडाळ तालुक्यात आमचं गावचं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पणजोबांनी १९३६ साली बांधलं असं आजी सांगायची. आम्ही तिघं भाऊ मुंबई-ठाण्याला. आई होती तोवर ती गावीच असायची, तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि घराला कुलूप लागलं. आता गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले पंधरा दिवस, एवढंच उघडतं.

या शिमग्याला गेलो तर माजघराच्या भिंतीवर पाण्याचे ओघळ. वर बघितलं तर दोन वासे मधेच वाकलेत, रिपेवर (कौलं टेकतात त्या बारीक पट्टीवर) बोट दाबलं तर बोट आत जातंय, आणि पडवीच्या बाजूची पंचवीस-तीस कौलं वांदरांनी नाचून फोडलेली. तात्पुरती ताडपत्री टाकून आलोय. आई दरवर्षी मे महिन्यात माणसं बोलावून शाकारणी (कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट लावणं) करून घ्यायची, ते तीन वर्षं राहिलं, त्याचे हे परिणाम हे कळतंय आणि वाईटही वाटतंय.

आता प्रत्येक जण वेगळं सांगतो. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं उतरवा, कलरचा पत्रा टाकतो, पन्नास वर्षं वर बघायला नको. दुसरा म्हणतो स्लॅब टाका, कायमची कटकट मिटेल. गावातले जुने सुतार म्हणतात लाकूड बदला, कौलांना हात लावू नका. आणि धाकटा भाऊ म्हणतो मागच्या गोठ्यावर आहे तसा सिमेंटचा पत्रा घाला, तो वडिलांनी ८८-८९ मध्ये घातलाय आणि अजून गळत नाही.

घर ४० बाय २८ फूट आहे, वळचण सगळीकडे दोन-दोन फूट बाहेर. समुद्र सरळ रेषेत वीसेक किमी असेल. कौलांच्या मागे इंग्रजीत बासेल मिशन आणि १८६५ असा शिक्का आहे, म्हणजे ती दीडशे वर्षांची आहेत का हाही एक प्रश्न. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया खरं सांगा, कुठलं किती टिकलं. जाहिरातीतले आकडे नकोत.

फॅब्रिकेशन_सुतारकी_कुडाळ

दादा वायच थांबा, काही उतरवू नका अजून. मी आधी सुतारकी करायचो, गेली अठरा वर्षं फॅब्रिकेशन करतो, म्हणजे लाकूड आणि लोखंड दोन्ही बाजू बघितल्यात.

पहिली गोष्ट, तुमची कौलं गेलेली नाहीत, लाकूड गेलंय. आमच्याकडे दहातल्या आठ घरांत हेच असतं. चांगलं भाजलेलं मंगलोरी कौल शंभर वर्षं सहज काढतं, मी स्वतः शंभरीच्या पुढची कौलं उतरवून पुन्हा चढवलीत. लाकूड मात्र कुठलं त्यावर आहे. सागाचे किंवा चांगल्या ऐनाचे वासे साठ-सत्तर वर्षं जातात, रिपा त्याच्या अर्ध्यात बदलाव्या लागतात कारण त्या बारीक आणि पाण्याला सगळ्यात जवळ, आणि नंतर कोणी स्वस्तात म्हणून कच्चं जंगली लाकूड घातलं असेल तर ते दहा-पंधरा वर्षांत भुसा. वासा नेमका कुठे कुजतो ते पण बघा, बहुतेक वेळा भिंतीवर जिथे टेकतो तिथे आणि वळचणीच्या टोकाला. मधे ठणठणीत आणि टोकाला माती असं असतं. जाडा पेचकस घेऊन प्रत्येक वाशाच्या टोकाला टोचून बघा, आणि आढ्याला (माथ्यावरच्या मुख्य तुळईला) दोन्ही बाजूंनी.

दुसरं म्हणजे घर बंद राहिलं हे सगळ्यात मोठं कारण. तुमची आई चूल पेटवायची ना? तो धूर रोज वर जाऊन वाशांना बसायचा, लाकूड कोरडं राहायचं, काळं पडायचं, किडा लागत नसायचा. कुलूप लागलं की धूर बंद, हवा बंद, पहिल्याच पावसात ओल धरते आणि वाळवी भिंतीतून सरळ वर. एक कौल सरकलं तरी माणूस घरात असेल तर रात्रीच कळतं, टपटप ऐकू येतं, सकाळी काठीने सारखं करतो. बंद घरात तेच पाणी चार महिने एकाच वाशावर पडतं.

कौलं तपासायची रीत सांगतो. एका हातावर कौल धरा आणि बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा. भद्द आवाज आला तर तडा आहे किंवा कच्चं भाजलेलं आहे, बाजूला काढा. शंका असेल ते उलटं करून त्यात पाणी भरून रात्रभर ठेवा, खालून थेंब धरला तर ते गोठ्याला नाहीतर तुळशीच्या कट्ट्याला. हिरवं शेवाळ आलंय म्हणून कोणी फेकायला सांगेल तर ऐकू नका, काथ्याने घासलं की जातं.

आणि नवीन कौलं आणून जुन्यात मिसळायची असतील तर आधी चार नग आणून बसवून बघा, कारखान्यागणिक माप जरा जरा बदलतं, खाच खाचेत बसत नाही आणि मग नेमकं त्याच ओळीत गळतं. जुनी घरं उतरतात तिथून त्याच शिक्क्याची मिळाली तर सोन्याहून पिवळं.

किनाऱ्यावरची_रेवदंडा

मी पत्र्याबद्दल सांगते कारण आम्ही तो मार्ग करून बसलोय. आमचं घर समुद्रापासून चारशे मीटरवर. २०१४ ला कौलं काढून कलरचा पत्रा घातला, कारण तेच, वांदर आणि शाकारणीला माणसं मिळत नाहीत. त्या माणसाने ०.३५ मिमीचा पत्रा घातला आणि आम्हाला गेज-बिज (पत्र्याची जाडी) काही कळत नव्हतं. तीन वर्षांत स्क्रूंची डोकी लाल झाली, त्यातून पत्र्यावर तांबडे ओघळ. त्याखालचे काळे रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकले. म्हणजे पत्रा ठीक आणि गळती प्रत्येक स्क्रूपाशी.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ आमच्याच पट्ट्यात जमिनीवर आलं, वारा ताशी १०० ते ११० किमी आणि झोत १२० पर्यंत. दुपारी आधी कोपऱ्यातला एक पत्रा फडफडायला लागला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि तो एकदा सुटला तशी आत हवा शिरली आणि सगळं पाखं (एका बाजूचं उतरतं छप्पर) खालच्या लोखंडी पाइपासकट उचललं गेलं, नारळीच्या बागेत जाऊन पडलं. सासूबाईंना मी माजघरात पलंगाखाली घेऊन बसले होते. शेजारच्या कौलारू घराची चार-पाचशे कौलं गेली, कोने (माथ्यावरची कौलं) गेले, पण छप्पर जागेवर होतं आणि त्यांनी आठवड्यात उरलेली कौलं सरकवून निम्मं घर झाकलं. आम्हाला पत्राच मिळेना, सगळ्यांना एकाच वेळी हवा होता, भाव चढले, पाऊस सुरू झालेला. दीड महिना ताडपत्रीखाली काढला.

दुसऱ्यांदा घातला तेव्हा जरा अभ्यास केला, तो सांगते. नुसता जस्ताचा मुलामा असलेला पत्रा समुद्राजवळ आठ-दहा वर्षांच्या वर धरू नका. गॅल्व्हाल्युम म्हणतात त्यात मुलाम्यात ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं, बाकी बहुतेक जस्त, तो बराच जास्त टिकतो. त्यात मुलामा चौरस मीटरला १५० ग्रॅम आहे का ते विचारा, आणि पत्र्याची जाडी रंग धरून सांगतायत की नुसत्या पोलादाची ते पण, तिथेच फसवतात. तुम्ही समुद्रापासून वीस किमी आत आहात, तर ०.५ मिमीचा चांगला पत्रा वीस-पंचवीस वर्षं जाईल असं मला वाटतं. आमच्यासारख्यांनी दहा-बारा धरावीत. वॉरंटीच्या कागदात किनाऱ्यापासून किती अंतराच्या आत ती लागू नाही ते बारीक अक्षरात असतं, आधी वाचा.

आणि एक जे मला कोणी सांगितलं नव्हतं. पत्रा गंजतो तो वरून नाही, वळचणीखालून गंजतो. वरचं मीठ पावसाने धुऊन जातं, खालच्या बाजूचं तसंच बसून राहतं. आता आम्ही दिवाळीनंतर एकदा वळचणीखाली पाइपाने गोडं पाणी मारतो, एवढंच काम पण फरक दिसतोय. पत्रा जागेवर ग्राइंडरने कापू द्यायचा नाही हेही लक्षात ठेवा, ठिणग्यांचा कीस जिथे जिथे पडतो तिथे तिथे पहिल्या पावसात गंजाचे ठिपके येतात.

सिव्हिलवाला_पुणे

वरच्या दोन्ही पोस्ट चांगल्या आहेत, मी फक्त त्यात आकडे घालतो आणि स्लॅबबद्दल लिहितो.

तुमचं घर ४० बाय २८, वळचण धरून ४४ बाय ३२, उतार तीस अंशांचा धरला तर छपराचं क्षेत्र साधारण सव्वासोळा ब्रास, म्हणजे दीडशे चौरस मीटर होतं. चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौलं लागतात, म्हणजे तुमच्या घरावर सुमारे २३००. एक कौल सव्वादोन-अडीच किलो, म्हणजे नुसती कौलं सव्वापाच टनांच्या घरात. तेवढ्याच छपराला अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा घातला तर सातशे किलोसुद्धा भरत नाही. आता वाऱ्याचं बघा, ताशी १०० किमीच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४७ किलो पडतो. कौलं त्या प्रत्येक चौरस मीटरवर ३५ किलोने बसलेली असतात, पत्रा साडेचार किलोने. रेवदंड्याच्या ताईंकडे जे झालं ते यातच आलं. पत्रा स्वतःच्या वजनावर कधीच बसलेला नसतो, तो फक्त स्क्रूवर आणि पाइप भिंतीला कसे धरलेत त्यावर असतो. म्हणून पत्रा घालणार असाल तर कडेच्या दोन-तीन ओळींना स्क्रू दुप्पट आणि पाइपाला भिंतीत खोल गेलेले अँकर हवेतच. आणि कौलं ठेवणार असाल तरी वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या कडा आणि कोने यांना वारा सगळ्यात जास्त ओढतो. मंगलोरी कौलाच्या मागच्या बाजूला एक छोटं भोक असतं, ते तारेने बांधण्यासाठीच आहे, आपल्याकडे ते कोणी वापरत नाही. वापरा.

आता स्लॅब. लोक स्लॅबला कायमचा म्हणतात, तसं काही नसतं. नीट बांधला तर पन्नास वर्षं आणि पुढेही. पण कोकणात पंचवीसच वर्षांत खालचं प्लास्टर सुटून सळ्या उघड्या पडलेले स्लॅब मी कितीतरी बघितलेत. कारणं दोन. एक, सळीखाली काँक्रीटचं जे आवरण राहायला पाहिजे ते ठेवलेलंच नसतं. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक किनारी हवेला उघड्या काँक्रीटला ४५ मिमी आवरण आणि किमान एम ३० ग्रेड (काँक्रीटची ताकद) सांगतं, आणि गावात मी मोजलंय ते दहा-पंधरा मिमी, काही ठिकाणी सळी चक्क शटरिंगवर टेकलेली. दोन, खाडीची वाळू न धुता वापरली तर मीठ आधीच आत जातं. सळी गंजली की फुगते, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि ती काँक्रीट खालून फोडून बाहेर येते. हे सुरू झालं की वरून कितीही वॉटरप्रूफिंग करा, उपयोग नाही.

वॉटरप्रूफिंगचं आयुष्य स्लॅबपेक्षा वेगळं मोजायचं असतं. ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) चांगला झाला तर पंधरा-वीस वर्षं, डांबरी मेम्ब्रेन आठ-दहा, आणि डब्यातून लावायचं पांढरं कोटिंग तीन ते पाच पावसाळे. तीन हजार मिलिमीटरच्या पावसात सपाट छप्पर म्हणजे पाण्याला थांबायला जागा देणं. त्यामुळे कुडाळ-सावंतवाडीकडे बघाल तर स्लॅब टाकलेल्या घरांवर दहा वर्षांनी पत्र्याची शेड उभी राहिलेली दिसते, म्हणजे दोन छपरांचा खर्च.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं, चिऱ्याच्या जुन्या भिंती, मातीत रचलेल्या असतील तर त्यावर थेट स्लॅब अजिबात टाकू नका. त्यासाठी कॉलम-बीम करावे लागतील, मग ते छप्पर बदलणं राहत नाही, घर पाडून नवीन बांधणं होतं.

शिक्क्याचं सांगायचं तर १८६५ हे बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने मंगलोरला कौलांचा कारखाना सुरू केला ते साल आहे, कौल भाजल्याचं नाही, ते पुढची कैक वर्षं तसंच छापत राहिले. पण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिशांनी मिशनचे कारखाने काढून घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे बासेल मिशनचा शिक्का असेल तर कौल बहुतेक त्याच्या आधीचं. तुमचं घर १९३६ चं. माझा अंदाज असा की पणजोबांनी ती कुठल्या तरी जुन्या घरावरची उतरवलेली घेतली असावीत, त्या काळी तसं सर्रास करायचे. तसं असेल तर तुमच्या कौलांचं हे दुसरं घर आहे.

पडवीतला_माणूस

दुसरं घर हे वाचून अंगावर काटा आला, धन्यवाद. भावांच्या ग्रुपवर टाकलं लगेच.

स्लॅब बाद. आता एक विचारतो, धाकट्याचा सिमेंट पत्र्याचा आग्रह आहे. गोठ्यावरचा पस्तीस वर्षांचा पत्रा खरंच गळत नाही, फक्त वर काळा-हिरवा थर आलाय आणि कडा हाताने चुरतात. तो म्हणतो तो काढून नवीन घालताना जुने तुकडे अंगणात भरणीला टाकू.

औषधवाली_गोवा

भरणीला अजिबात टाकू नका हो, प्लीज. मी व्यवसायाने आरोग्य क्षेत्रात आहे, छपरातलं मला कळत नाही पण हे कळतं. ८८-८९ चा सिमेंट पत्रा म्हणजे जवळजवळ नक्की अ‍ॅस्बेस्टॉसचा. तो पत्रा पडून आहे, धड आहे, तोवर धोका कमी असतो कारण तंतू सिमेंटात धरलेले असतात. कडा चुरायला लागल्या, कोणी करवतीने कापला, ड्रिल मारलं, वरून खाली टाकून फोडला की ते तंतू हवेत जातात, डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत, आणि फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) हे त्याचे आजार, आणि ते वीस-तीस-चाळीस वर्षांनी दिसतात. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच प्रकारचं अ‍ॅस्बेस्टॉस कॅन्सरकारक मानते, साठाहून जास्त देशांत त्यावर बंदी आहे. आपल्याकडे पत्रा अजून विकला जातो म्हणून लोकांना वाटतं की काही नसेल.

काढायचाच असेल तर आधी पाण्याने पूर्ण भिजवा, बोल्ट फिरवून किंवा बोल्टच कापून पत्रा अख्खा खाली घ्या, हातोडी नको, झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. काम करणाऱ्या माणसांना साधा रुमाल पुरत नाही, एन ९५ च्या वरचा चांगला रेस्पिरेटर द्या. पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून घातक कचऱ्याच्या ठिकाणीच द्यायचे. मुलं मे महिन्यात खेळतात त्या खळ्यात तर मुळीच नाही. आणि त्या पत्र्यावर कोणालाही चढू देऊ नका, जुना सिमेंट पत्रा दिसायला भक्कम असतो आणि पाय ठेवला की काचेसारखा जातो, त्यातून पडून माणसं गेलीत.

वर्षांचं विचाराल तर तो तीस-चाळीस वर्षं टिकतो हे तुमच्या भावाचं म्हणणं खरं आहे. तरीही घरावर घालू नका.

फॅब्रिकेशन_सुतारकी_कुडाळ

ताई बरोबर बोलल्या. मी तर तो पत्रा गेली बरीच वर्षं कापायला घेतच नाही.

माळवदातलं_पोर

आमचा मुलूख वेगळा पण विषय निघाला म्हणून लिहितो. मी लातूरकडचा. आमच्याकडे पाऊस कमी, त्यामुळे कौलं-बिलं नाही, माळवद. खाली लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाल्याचा थर आणि वर पांढरी माती. उन्हाळ्यात आत असं गार की पंखा नको. आणि टिकाऊ किती, तर आमच्या आजोबांच्या वाड्याचं माळवद त्यांच्याही आजोबांनी घातलेलं. मृगाच्या आधी वर जायचं, गवत उपटायचं, पांढरी माती नवीन टाकून चोपायची, झालं.

पण तीच माती वर्षानुवर्षं चढत गेली. जुनी कोणी काढत नव्हतं, नवीन टाकत होते. काही घरांवर दोन-दोन फूट झालेली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती सुटल्या आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. मी सात वर्षांचा होतो. आम्ही अंगणात झोपलो होतो, गणपती विसर्जन झालेलं, उकडत होतं म्हणून. चुलत्यांच्या घरातलं कोणी राहिलं नाही.

म्हणून सिव्हिलवाले साहेब वजनाचं जे बोलले त्यात एवढंच घालतो की वजनामुळे वाऱ्यात छप्पर टिकतं हे खरं, पण ते वजन ज्यावर उभं आहे त्या भिंती एकमेकींना धरून आहेत का तेही तपासा. चिऱ्याच्या भिंतींवर छपराच्या खाली चारही बाजूंनी एक काँक्रीटचा पट्टा फिरवून घ्या. आता छप्पर उतरतंच आहे तर तो करायची हीच वेळ, नंतर कोणी करत नाही.

सिव्हिलवाला_पुणे

१०० टक्के. सहा इंची पट्टा, चार सळ्या, रिंगा, कोपऱ्यात सळ्या वळवून एकमेकींत अडकवलेल्या. छपराला लोखंडी फ्रेम केलीत तर तिचे अँकर त्यातच सोडता येतील. माळवदातलं पोर, लिहिल्याबद्दल आभार.

देवगडची_सून

उशिरा आले पण तुमच्यासारखीच केस आमची होती, घर वर्षाचे दहा महिने बंद, नवरा आणि दीर दोघं बाहेर. आम्ही २०१८ मध्ये लोखंडी फ्रेम करून जुनीच कौलं पुन्हा चढवली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, त्यात सत्तर-ऐंशी कौलं गेली, ती सगळी न बांधलेल्या ओळींतली. बांधलेल्या ओळीतलं एकही नाही. समुद्र आमच्यापासून पाच किमी.

काय चुकलं तेही सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. फ्रेमचे पाइप आम्ही पातळ घेतले, दीड मिमीचे, फॅब्रिकेटर म्हणाला चालतं. त्यांची टोकं उघडी ठेवली. पाणी आणि दमट हवा आत शिरून चार वर्षांत दोन पाइप आतून गंजले, बाहेरून रंग अगदी छान दिसत होता, वाजवल्यावर कळलं. आता सगळ्या टोकांना पत्र्याच्या टोप्या वेल्ड करून घेतल्यात. पाइप जमिनीवर असतानाच दोन हात प्रायमर मारून मग वर चढवा, आणि वेल्डिंग झाल्यावर प्रत्येक जोडावर घासून परत. वर चढल्यावर वरची बाजू रंगवायला कोणाचा हात पोचत नाही आणि कौल नेमकं तिथेच बसतं.

लाकूड पूर्ण काढायचं जिवावर आलं म्हणून माजघरावरचं आढं आणि चार वासे ठेवलेत, ते सागाचे होते, त्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावलं. ते लावताना हातमोजे घाला, कातडी भाजते, माझी दोन बोटं सोलून निघाली होती. पण गेल्या सहा-सात वर्षांत वाळवी नाही.

वांदरांवर उपाय मिळाला नाही. एकांनी कौलांवर जाळी घातलीय, त्यात पालापाचोळा अडकून पाणी उलटं आत येतं. आम्ही दीडशे कौलं जास्तीची पडवीत रचून ठेवलीत, गावातल्या एका माणसाला वर्षाचे ठरवून पैसे देतो. तो मे महिन्यात वर जाऊन शाकारणी करतो, पन्हळी साफ करतो, आणि पावसात प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेला घर उघडून आत फिरून वर बघतो, फोटो पाठवतो. अमावास्या-पौर्णिमा अशासाठी की त्याच्या लक्षात राहतं. गेल्या जुलैत त्यानेच एक सरकलेलं कौल दुसऱ्या दिवशी सारखं केलं. तो नसता तर आमचं छप्परही तुमच्यासारखं झालं असतं, लोखंड असो नाहीतर लाकूड. तेव्हा माणूस आधी शोधा. कौल घ्यायचं की पत्रा हे मग ठरवा, कारण माणूस मिळाला नाही तर मी सुद्धा जाड पत्राच सांगेन.

आणि आमच्याकडे आत उजेडाला दोन फायबरची कौलं घातली होती, ती पाच वर्षांत पिवळी पडून तडकली. काचेची मिळतात ती घ्या, आजेसासऱ्यांनी घातलेलं काचेचं कौल अजून तसंच आहे, सकाळी देव्हाऱ्यावर उजेड येतो त्यातून.

पडवीतला_माणूस

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिघं भाऊ फोनवर दोन तास बोललो. ठरलं ते असं. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा, त्यावर अडीच मिमी पाइपाची फ्रेम, आणि आमचीच कौलं. सुतार काकांनी पेचकसाने टोचून सांगितलं की आढं आणि मधले सहा वासे फणसाचे आणि एकदम चांगले आहेत, ते ठेवतोय. गोठ्याचा पत्रा औषधवाल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे भिजवून अख्खा उतरवू, धाकट्याला ती पोस्ट वाचायला दिली, तो काही बोलला नाही, रात्री मेसेज आला की रेस्पिरेटर मी घेऊन येतो.

माणसाचंही बघितलं. आईबरोबर शाकारणीला यायचे त्यांचा मुलगा तयार आहे. तो म्हणाला काकी जिथे शिडी लावायच्या तिथेच लावीन. (आई स्वतः शिडी धरून उभी राहायची, पडवीच्या डाव्या कोपऱ्यात.)

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कौलं उतरवतोय, वाजवून वेगळी करू, बासेल मिशनची किती निघतात ते मोजून सांगतो. एकच शेवटचं, बांधायला तार कुठली घेऊ? दुकानदार तांब्याची म्हणतोय, गंजत नाही म्हणून.

फॅब्रिकेशन_सुतारकी_कुडाळ

तांब्याची नको. तांबं स्वतः गंजत नाही पण ओलं असताना लोखंडाला टेकलं की लोखंड तिथेच खातं, रंग उडाला की पाइपाला भोक. स्टेनलेसची घ्या, नाहीतर जाड जस्ती तार, आणि पिळ्याचं टोक खाली वळवून ठेवा म्हणजे पाणी त्यावरून बाहेर गळेल. कौलं उतरवताना कोने आधी, मग वरून खाली, आणि रचताना उभी रचा, आडवी रचली की खालची फुटतात. मे च्या वीस तारखेच्या आत चढली पाहिजेत, वळवाचा भरवसा नाही.